अठरा वर्षांची व्हिस्की मधुमेहावरचं औषध नाही

गेल्या आठवड्यात पहाटे पावणेतीनला मामींचा फोन आला. मामा घामाने चिंब झाले होते, हात थरथरत होते, जीभ जड झाली होती. ग्लुकोमीटरवर आकडा ५२. मामींनी साखरेचं पाणी पाजलं, थोड्या वेळाने पुन्हा पाजलं, तेव्हा कुठे आकडा वर सरकला. कारण सकाळी कळलं. शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवरचा एक मेसेज वाचून मामांनी रात्री जेवणाऐवजी मुठभर शेंगदाणे आणि ६० मिली सिंगल माल्ट व्हिस्की घेतली होती. आणि मधुमेहाची गोळी नेहमीसारखीच घेतली होती.

तो मेसेज माझ्याकडेही तीन ठिकाणांहून आला आहे. त्यात म्हटलंय ते असं: अठरा वर्षं मुरलेल्या सिंगल माल्टमध्ये साखर शून्य, म्हणून मधुमेह्यांना ती चालते, उलट औषधासारखी लागू पडते. तिच्यातलं एलॅजिक ॲसिड कॅन्सर रोखतं. मुरताना विषारी भाग उडून जातो. रंग जितका गडद तितकी ती जुनी. बाटली घरात ठेवली तरी मुरत राहते. जितकी जुनी तितकी श्रेष्ठ. आणि पाणी घालणं हा तिचा अपमान.

मला सिंगल माल्ट मनापासून आवडते. म्हणूनच हा मेसेज जास्त झोंबला.

साखरेपासून सुरुवात करतो. यातलं अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. मोड आणलेल्या बार्लीतली साखर यीस्ट खातं, त्याचं मद्य होतं, ते तांब्याच्या भट्टीतून, म्हणजे पॉट स्टिलमधून, वाफ करून काढतात. साखर वाफेबरोबर वर जात नाही. व्हिस्कीत साखर जवळजवळ नसतेच. पण हे कुठल्याही व्हिस्कीला लागू आहे, व्होडकालाही आहे. अठरा वर्षांचा त्यात काही हात नाही.

आणि मामांना धोका साखरेचा नव्हताच, मद्याचा होता. आपण जेवत नाही त्या वेळात, विशेषतः रात्री, लिव्हर स्वतः साखर बनवून रक्तात सोडत राहतं. मद्य पोटात गेलं की लिव्हर आधी ते निस्तरायला लागतं आणि नवी साखर बनवणं मागे पडतं. त्यात मामांची गोळी ग्लिमेपिराइडची. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि माणूस जेवला की नाही हे बघत नाही. म्हणजे एकीकडून साखर बनणं मंदावलं, दुसरीकडून इन्सुलिन सुरूच, आणि पोटात पोळी-भात काही नाही. साखर कोसळणारच. तीही लगेच नाही, काही तासांनी, घर झोपलेलं असताना. जे इन्सुलिन घेतात त्यांनाही हाच धोका. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी जास्त प्यायली तर रक्तात लॅक्टिक ॲसिड साठण्याची भीती वेगळी.

यात सगळ्यात भयंकर गोष्ट अशी की साखर उतरल्याची लक्षणं आणि दारू चढल्याची लक्षणं सारखीच दिसतात. अडखळतं बोलणं, तोल जाणं, गुंगी. तोंडाला व्हिस्कीचा वास येतोय, माणूस बरळतोय, म्हटल्यावर घरचे म्हणतात, जास्त झालीये, झोपू द्या. मामींनी झोपू दिलं नाही, बोटाला सुई टोचून आकडा बघितला, म्हणून मामा आज ठीक आहेत. ज्याने हा मेसेज पुढे ढकलला त्याने हे एकदा डोळ्यांसमोर आणावं. गोळ्या चालू असलेल्यांनी प्यायची की नाही, किती, कशासोबत, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारायचं. शाळेच्या ग्रुपला नाही.

'वजन वाढत नाही' असंही त्यात एक वाक्य आहे. ४० टक्के ताकदीच्या ६० मिलीत सुमारे १९ ग्रॅम शुद्ध मद्य असतं, ग्रॅमला सात कॅलरी. झाल्या १३० च्या वर.

कॅन्सरबद्दलचं वाक्य तर वाचायलाही नको वाटतं. ओकच्या लाकडातून थोडं एलॅजिक ॲसिड उतरतं, मान्य. पण ज्या मद्यात ते उतरतं त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८८ मध्येच माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्याच संघटनेने सांगितलं की मद्याचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. एलॅजिक ॲसिडच हवं असेल तर सांगोल्याचं डाळिंब सोलून खा.

विषारी भाग उडून जाण्याबद्दल एवढंच: आतून जाळलेल्या पिंपात राहिल्याने नव्या व्हिस्कीतला गंधकाचा उग्र वास कमी होतो. बाकी पिंप काढून घेतं त्यापेक्षा घालतंच जास्त. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं ते मुख्यतः किती प्यायलात त्यामुळे.

आता वयाबद्दल. यात वाद घालायचं कारणच नाही, कारण ब्रिटनचा कायदा आहे: स्कॉच व्हिस्की रेग्युलेशन्स २००९. इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्यानुसार स्कॉच म्हणजे स्कॉटलंडमध्ये, ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली, किमान ४० टक्के ताकदीची व्हिस्की. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची. लेबलवरचं वय हे आत मिसळलेल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं. आणि हे वय पिंपातलं. काचेत शिरली की वाढणं थांबलं. २००६ मध्ये घेतलेली १२ वर्षांची बाटली आजही १२ वर्षांचीच आहे. उलट बूच वाळलं तर ती उडत राहते. मामांच्या कपाटात अशी एक उभी आहे, पातळी दोन बोटं खाली गेलेली, बुचाचा भुगा आत पडलेला.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे जी मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावी. स्कॉचमध्ये पाण्याखेरीज एक गोष्ट घालायला परवानगी आहे, साधा कॅरॅमल रंग. म्हणजे गडद रंग चक्क ओतलेला असू शकतो. जर्मनीत विकताना तो घातल्याचं लेबलवर लिहावं लागतं.

रंग न घालताही गडदपणावरून वय कळत नाही. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या एका जुन्या गोदामात मी हे बघितलं आहे. दगडी भिंती, मातीची जमीन, ओल, आणि दारातच बुरशी-सफरचंदासारखा गोडसर वास. तिथल्या माणसाने शेजारशेजारच्या दोन पिंपांची बुचं हातोडीने ठोकून सैल केली, लांब नळीने दोन्हीतून थोडी थोडी काढली. एक फिक्या चहासारखी, दुसरी काकवीसारखी. दोन्ही एकाच आठवड्यात भरलेली. पहिलं पिंप अमेरिकेतून आलेलं, आधी बर्बन ही तिकडची व्हिस्की भरलेलं, दुसरं शेरी या स्पॅनिश वाइनचं. फरक पिंपाचा होता. मग त्याने तळहातावर दोन थेंब टाकून हात चोळायला लावले. मद्य उडाल्यावर एका हाताला व्हॅनिलाचा वास राहिला, दुसऱ्याला मनुकांचा.

जितकी जुनी तितकी श्रेष्ठ हेही असंच. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे दोन टक्के व्हिस्की पिंपातून उडते, तिथे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. त्या थंड, ओल्या हवेत ताकदही उतरत जाते, आणि ४० टक्क्यांखाली गेली तर ती स्कॉच म्हणून विकताच येत नाही. लाकूड जास्त झालं की घशाशी कडू, तुरट लागते. काही माल्ट पंचविशीत फुलतात, काही बाराव्या वर्षीच छान असतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्कीचा धूर तर वयाबरोबर मऊ होत जातो, ज्याला धूरच आवडतो त्याने तरुणच घ्यावी. आणि गोव्याच्या उकाड्यात, कुंकळ्ळीला जी सिंगल माल्ट मुरते तिथे देवदूत कित्येक पटींनी जास्त पितात. तिथे अठरा वर्षं थांबलं तर पिंपाच्या तळाशी फार काही उरायचं नाही. स्कॉटलंडचा आकडा इथल्या बाटलीला लावून नाक मुरडणारे अन्याय करतात.

जुन्या आकड्याची भूल किती महागात पडते बघा. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झमधल्या एका हॉटेलात एका पाहुण्याने १८७८ ची मॅकॅलन (स्कॉटलंडची नावाजलेली सिंगल माल्ट) म्हणून २० मिलीला जवळजवळ १०,००० स्विस फ्रँक मोजले. नंतर प्रयोगशाळेत तपासली. ऑक्सफर्डच्या कार्बन चाचणीत ती बहुधा १९७० ते १९७२ मधली निघाली, आणि सिंगल माल्टही नव्हती, ब्लेंडेड, म्हणजे माल्ट आणि इतर धान्याच्या व्हिस्कीचं मिश्रण होती. हॉटेलने पैसे परत केले. जिभेने काय चाखलं हे त्या रात्री कोणी विचारलंच नसावं, सगळे आकड्याकडे बघत होते.

राहिलं पाणी. ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतल्या व्हिस्की मिसळणारे लोक, व्हिस्की पारखताना ती पाणी घालून सुमारे २० टक्क्यांवर आणतात आणि हुंगतात. ज्यांच्या हातून ती बनते त्यांना अपमान वाटत नाही. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघांनी २०१७ मध्ये संगणकावर मांडून दाखवलं की धुरकट वास देणारा ग्वायाकॉल हा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या ताकदीत पृष्ठभागाशी जमतो आणि ५९ टक्क्यांच्या वर आत दडतो. फार जुनी, नाजूक व्हिस्की जास्त पाण्याने पचपचीत होते हे खरं. म्हणून थेंबाथेंबाने घालायचं.

रविवारी मामांकडे गेलो होतो. डॉक्टरांनी तूर्त बंद सांगितलंय, मामा मुकाट्याने बसले होते. मी त्यांच्याच एका बाटलीतली १५ मिली तोंडाशी निमुळत्या ग्लासात ओतली आणि म्हटलं, "मामा, प्यायची नाही, फक्त हुंगायची." त्यांनी नाक थेट आत खुपसलं आणि झटक्याने मागे झाले. "ग्लास हनुवटीपाशी धरा, ओठ जरा उघडे ठेवा." चमच्याने पाण्याचे चार थेंब घातले, मिनिटभर थांबलो. मामांनी डोळे मिटले.

"आजोळच्या माळ्यावरची पेटी उघडल्यासारखं येतंय," ते म्हणाले. पुन्हा हुंगलं. "मनुका. आणि काहीतरी जायफळासारखं."

पंधरा-वीस मिनिटं तो ग्लास त्यांच्या हातात होता. मग मामींनी ताटं वाढली.