बुटावरची खोळ

काल कट्ट्यावर तासभर नुसता आरडाओरडा चालला होता. निमित्त 'मेमरीज ऑफ मर्डर', एका खेड्याच्या शेताशिवारात होणाऱ्या खुनांवरचा कोरियन पिक्चर. आमच्यापैकी बाकी सगळ्यांनी तो केव्हाच पाहिलाय, काहींनी दोन-तीनदा. पप्याने परवा रात्री पाहिला. आल्या आल्या सॅक कट्ट्यावर आपटून म्हणाला, "खुनी कोण ते शेवटपर्यंत सांगतच नाहीत राव. सव्वादोन तास बसवून ठेवलं आणि फसवलं."

"सांगितला की," बापू म्हणाले. "तो नाजूक हातांचा पोरगा. पावसाच्या रात्री रेडिओवर तेच गाणं लावायची फर्माईश पाठवणार, आणि गाणं लागलं की त्याच रात्री खून. याहून जास्त काय पाहिजे तुला?"

"पण अमेरिकेहून रिपोर्ट आला ना. हाच गुन्हेगार असं म्हणता येत नाही म्हणून."

"कागद रे तो! कागदाला काय कळतंय?" बापूंनी चष्मा वर सरकवला. "त्या बोगद्यात मी पाहिजे होतो. समोर उभा केला असता आणि संपवला असता. विषय बंद."

बापू बोलायला लागले की आधी आवाज येतो, मुद्दा मागून चालत येतो. आणि हा मुद्दा दर वेळी एकच असतो, पिक्चर कुठलाही असो: धरा आणि संपवा.

वकिलाने घसा साफ केला. तो काही खरा वकील नाही. प्रत्येक वाक्याआधी 'मुद्दा क्रमांक एक' म्हणतो म्हणून ते नाव पडलं. दुसऱ्या मुद्द्यापर्यंत तो कधी पोचलेला मी तरी पाहिला नाही. "मुद्दा क्रमांक एक. यात खलनायकच नाही. हीच तर गंमत आहे. पोलीस ग्रे, संशयित ग्रे, गाव ग्रे. सगळ्या छटा आहेत."

अक्का इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "ग्रे म्हटलं की सगळे सुटतात रे वकिला. मारणारा ग्रे, मार खाणारा ग्रे, बघणारा ग्रे. रंग राहू दे बाजूला. कोणाच्या हातून काय घडलं ते बोल."

"म्हणजे?"

"पप्या, तो लाथा घालणारा पोलीस आठवतोय? तळघरातला. लाथ घालायच्या आधी तो काय करतो?"

पप्या क्षणभर थांबला. "बुटावर कापडी खोळ चढवतो."

"का?"

"वळ उठू नयेत म्हणून."

"मग? माणूस रागाच्या भरात मारतो तेव्हा मारून मोकळा होतो. हा आधी खाली वाकतो, खोळ चढवतो, नीट बसली का बघतो आणि मग मारतो. आपण काय करतोय ते त्याला पुरतं माहीत आहे, उद्या कोण विचारील तेही माहीत आहे. तुम्ही सगळे शेतात खलनायक शोधत बसलात. मला तो तिथे खाली वाकलेला दिसला."

यावर कोणी लगेच बोललं नाही. मला स्वतःला ते फार लागलं, कारण पहिल्यांदा पाहताना मी त्या पोलिसांच्या प्रसंगांना हसलो होतो. ते प्रसंग विनोदीच घेतलेत. धावत येऊन उडी मारून लाथ घालणं, मग मार खाणाऱ्याबरोबरच बसून टीव्ही बघणं. हसू येतं, आणि पुढे अर्ध्या तासाने त्या हसण्याची लाज वाटायला लागते. तो मतिमंद मुलगा, त्याचा बूट घेऊन चिखलात उमटवलेला खोटा ठसा, त्याच्याकडून घोकून घेतलेली कबुली. पुराव्याचा खरा ठसा मात्र ट्रॅक्टरखाली गेलेला असतो. मला विचाराल तर भीषण गुन्हेपटाची ताकद इथे असते. खुन्याचा चेहरा झाकून ठेवणं सोपं आहे. आपल्या बाजूच्या माणसाचा हात उघडा करून दाखवणं अवघड, आणि ते करताना आपल्याला त्याच्यावर प्रेमही करायला लावणं त्याहून अवघड. सोंग कांग-होचा तो गावठी हवालदारछाप डिटेक्टिव्ह मला आजही आवडतो. त्याने काय काय केलंय ते माहीत असून आवडतो, आणि म्हणूनच तो पिक्चर मला सोडत नाही.

वकील काही हार मानायला तयार नव्हता. "पण अक्का, १९८६ सालचं खेडं. प्रयोगशाळा नाही, माणसं नाहीत. फौज मागितली तर म्हणे निदर्शनं मोडायला गेलीय. वर हुकूमशाही. वर्तमानपत्रवाले रोज दारात. ही सगळी व्यवस्थेची चूक आहे."

"व्यवस्था लाथ मारत नाही. लाथेला पाय लागतो आणि तो माणसाचाच असतो."

पप्याने शिट्टी वाजवली. वकिलाने डायरी असल्यासारखी तळहाताकडे बघितलं.

पण पुढे अक्काने स्वतःच त्याची बाजू थोडी उचलून धरली. ती म्हणाली, त्या ब्लॅकआउटच्या रात्रीचं मात्र खरं आहे. भोंगा वाजतो, हुकुमासरशी घराघरातले दिवे विझतात, दुकानांची दारं खाली येतात आणि सगळं गाव शिस्तीत काळोखात बसतं. त्याच काळोखात एक शाळकरी मुलगी संपते. दिवा लावायची कोणाला परवानगी नाही. "तिथे तुझी व्यवस्था दिसते बघ. भाषण नाही, काही नाही. नुसता दिवा विझतो."

बापूंना हे असलं हळवं बोलणं फार वेळ सोसत नाही. "तुम्ही त्या कोरियात कशाला जाता? आपला फौजदार वेलणकर घ्या ना! 'अर्धसत्य'. त्या गुंड रामा शेट्टीचा गळा दाबला आणि सरळ जाऊन हजर झाला. मर्द."

"वेलणकरने किती माणसं मारली, बापू?" अक्काने विचारलं.

"एक. रामा शेट्टी."

"नीट आठवा."

बापू आठवू लागले. आम्हीही. मग मला आठवलं. लॉकअपमधला तो भुरटा चोर. वरिष्ठांवरचा, बापावरचा, स्वतःवरचा सगळा राग वेलणकर त्याच्यावर काढतो आणि तो मरतो. त्यातून वाचवायला म्हणून तर वेलणकर रामा शेट्टीच्या दारात जातो.

"त्या चोराचं नाव काय होतं?"

कोणालाच सांगता येईना. १९८३ चा पिक्चर. पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य'. ओम पुरीला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला हे आम्हाला पाठ, रामा शेट्टी झालेल्या अमरापूरकरांचा थंडगार आवाज पाठ. आणि ज्याच्या मरणावर गोष्ट वळते त्याचं नाव चौघांपैकी एकाच्याही लक्षात नाही.

"बघा," अक्का म्हणाली. "दोन्ही खून त्याच हातांनी केलेत. एकाला तुम्ही टाळ्या वाजवता, दुसरा तुमच्या हिशेबातच नाही. रामा शेट्टीला खलनायक म्हणायला काय अक्कल लागते? तो तर स्वतः होऊन सांगतो मी कोण आहे ते."

आता इथे मला बोलायचं होतं आणि मी बोललो. पप्याला माहीत नव्हतं की ही सगळी खरी घडलेली प्रकरणं आहेत आणि खुनी पुढे सापडला. दक्षिण कोरियातल्या ह्वासंगमध्ये १९८६ ते १९९१ या काळात दहा बायका-मुली मारल्या गेल्या. बाँग जून-होने पिक्चर काढला २००३ साली, तेव्हा मुख्य गुन्हेगार कोणालाच ठाऊक नव्हता. सप्टेंबर २०१९ मध्ये जुन्या पुराव्यांवरचा डीएनए एका कैद्याशी जुळला. १९९४ साली स्वतःच्या मेव्हणीचा खून केल्याबद्दल तो आधीपासूनच जन्मठेप भोगत होता. त्याने कबुली दिली, पण ह्वासंगच्या गुन्ह्यांची पंधरा वर्षांची मुदत २००६ मध्येच संपलेली. म्हणजे त्यांच्यासाठी खटलाच उभा राहू शकत नव्हता.

"त्या काळात पोलिसांना तो सापडलाच नव्हता?" पप्याने विचारलं.

"सापडला होता. चौकशीही झाली होती. रक्तगट जुळत नाही म्हणून सोडला."

बापूंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"आणि आता ऐका. त्या दहांतल्या एका खुनासाठी एका माणसाला शिक्षा झाली होती. झोपू न देता, मारून घेतलेली कबुली. तो वीस वर्षं तुरुंगात होता. २००९ ला बाहेर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. हिशेब करा. २००३ मध्ये जगभरचे लोक ती खोळ, ती लाथ, ती घोकलेली कबुली थिएटरात बघत होते, तेव्हा तो माणूस आतच होता."

मला हे सांगताना दर वेळी घसा दाटतो. कालही दाटला. पिक्चर खोटा ठरला असता तर बरं झालं असतं असं वाटतं.

अक्काने मान हलवली. तिने अठ्ठावीस वर्षं कोर्टकचेऱ्यांमध्ये टायपिंग केलंय. ती म्हणाली, "कबुली वाचूनच कळते रे. ज्या माणसाने जन्मात 'सदरहू' शब्द उच्चारला नाही, त्याच्या जबाबात तो नऊ वेळा. 'सदरहू इसमाने सदरहू ठिकाणी.' मी मोजायचे. खाली अंगठा. अंगठ्याची शाई दर वेळी जरा घसरलेली असायची, कोणीतरी हात धरून उठवल्यासारखी. आणि मी टाइप करायचे. स्पेलिंग बिनचूक."

ती हे अगदी सपाट आवाजात बोलली. पप्याने सॅकची चेन उघडली, मिटली, परत उघडली.

"तो शेवटचा शॉट," तो थोड्या वेळाने म्हणाला, "तो डिटेक्टिव्ह सरळ कॅमेऱ्यात बघतो तो. मी पॉज केला होता. मला वाटलं माझ्याकडेच बघतोय."

मी सांगितलं की दिग्दर्शकाच्या मनात होतं, खुनी जिवंत असेल तर तो हा पिक्चर बघायला येणार, तेव्हा डिटेक्टिव्हची नजर त्याच्या नजरेला भिडली पाहिजे. आणि खरोखर त्याने तो तुरुंगात पाहिला. काही वाटलं नाही म्हणाला. पिक्चर म्हणून पाहिला, झालं.

"मग शॉट वाया गेला," वकील म्हणाला.

"पप्याने पॉज केला ना?" अक्का म्हणाली.

बापूंना एवढ्या शांततेची सवय नाही. "ते सगळं खरं, पण अनुभवी माणसाला डोळ्यांवरून कळतं. मला कळतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की मी सांगतो, हा..."

"बापू," पप्या म्हणाला, "माझं बटण."

झालं. सगळ्यांना एकदम आठवलं. नवीन वाचकांसाठी सांगतो: सहलीच्या वर्गणीचं पाकीट हरवलं होतं. सगळ्यात शेवटी पप्याच्या हातात पाहिलेलं. बापूंनी त्याला इथेच, या खांबाखाली उभा करून डोळ्यांत रोखून बघितलं आणि जाहीर केलं, "यानेच घेतलं. दिसतंय मला." कॉलर धरली, शर्टाचं बटण तुटून गटारात गेलं. पप्या तेव्हा कॉलेजात होता. तो दोन महिने कट्ट्यावर आला नाही. मी तिथेच उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही, हे मी इथे लिहून ठेवतो. पाकीट बापूंच्याच पिशवीत अस्तर फाटून आत गेलेलं निघालं.

"अरे ते... ते मी नंतर सांगितलं ना सगळ्यांना," बापू म्हणाले.

"सगळ्यांना सांगितलंत. मला नाही सांगितलंत."

"तुझ्या घरी आलो होतो."

"आईकडे आला होतात. तिला म्हणालात, पोराला कट्ट्यावर पाठवा, पत्त्यांना चौथा गडी नाही."

अक्का आधी हसली. मग वकील. पप्या हसत नव्हता, पण त्याला ओठ दाबून ठेवावे लागत होते. बापू एवढे लाल झालेले मी प्रथमच पाहिले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मग शर्टाचा खालचा काठ उलटा केला. आतल्या बाजूला जादा बटण शिवलेलं असतं ना, ते त्यांनी नखाने ओढायला घेतलं. निघेना. दात लावले. दोरा तुटला तसं ते पप्यासमोर धरलं.

"घे. चूक झाली माझी."

पप्याने ते दिव्याकडे धरून बघितलं. "हे पांढरं आहे. माझं काळं होतं."

"मुद्दा क्रमांक दोन," वकील म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो, कारण हे कोणी कधी ऐकलेलं नव्हतं.

"दोघांनी मिळून ग्रे धरा."

मग मात्र काही बोलणंच शक्य नव्हतं. अक्का पदराने डोळे पुसत होती, बापू वकिलाला सॅकने मारायला उठले, ती सॅक पप्याची म्हणून पप्या ओरडत होता. पांगता पांगता साडेदहा वाजले. वळणावर मी मागे पाहिलं तर बापू आणि पप्या अजून खांबाखाली उभे होते. बापू हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि पप्याने बटण मुठीत धरलं होतं.