‘मनोरुग्ण पात्राची सात सूत्रं’ आणि एका मेडिकलवाल्याचं उत्तर

‘मनोरुग्ण पात्र हमखास जमवण्याची सात सूत्रं’ नावाचा एक मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या हौशी नाट्यमंडळींत फिरतोय. खाली नाव कुणाचंच नाही, ‘एका अनुभवी दिग्दर्शकाकडून’ एवढंच. माझी भाची कॉलेजसाठी एकांकिका लिहितेय. तिच्यापर्यंत तो पोचला आणि तिने मला विचारलं, ‘मामा, यातलं चौथं वापरू का? शेवट जबरी होतोय.’ माझं अमळनेरला मेडिकल आहे. चौथं सूत्र वाचलं आणि डोकंच फिरलं.

सूत्रं थोडक्यात अशी. एक, स्किझोफ्रेनिया म्हणजे एका अंगात दोन माणसं, त्यातला दुसरा खुनी दाखवा. दोन, शॉकचा सीन टाळी घेतोच. तीन, बायपोलर म्हणजे घडीत हसू, घडीत रडू. चार, गोळ्यांनी माणूस मेल्यागत होतो. नायक गोळ्या भिरकावतो आणि प्रेमाने बरा होतो. पाच, पात्र खेड्यातलं असेल तर भगत आणि अंगात येणं हवंच. सहा, पागलखान्यातून कुणी परत येत नाही. सात, डॉक्टरांना विचारू नका, कल्पनाशक्ती मरते.

चौथ्यापासूनच सुरू करतो. काउंटरमागून मला जे दिसतं त्यात गोळ्या भिरकावणारा कुणी नसतो. एकाला बरं वाटायला लागलेलं असतं, म्हणून तो महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांच्याच मागतो. एक बाई वजन वाढलं म्हणून सोडते. पोरीला बघायला पाहुणे येणार म्हणून आई स्ट्रिपा गव्हाच्या कोठीत दडवते. मग सोयरीक जमते, आणि सासरी गोळी घ्यायची कशी हा विषय कुणी काढतच नाही. बंद केल्यावर लगेच काही होतंच असं नाही, हे सगळ्यात फसवं. आठवडे, कधी महिने बरे जातात. घरचे म्हणतात, बघा, गोळ्यांची गरजच नव्हती. मग एक दिवस झोप उडते. यात ज्याला नाट्य दिसत नाही त्याने दिग्दर्शन सोडावं.

सुरू करतानाही तेच. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, कोरडं तोंड हे त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच. त्या मधल्या दिवसांत घरात काय चालत असेल ते लिहा की! किंवा लिथियम घ्या, बायपोलरसाठी देतात ते. त्याची गुण देणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. घाम फार गेला, अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की पातळी चढते. हात थरथरतात, उलट्या होतात, चाल अडखळते. आता हे पात्र भुसावळच्या मे महिन्यात उभं करा, पारा पंचेचाळिसाला टेकलेला, नळाला चार दिवसांआड पाणी. बघणारे म्हणणार, भरदुपारी ढोसून आलाय.

गोळ्यांनी सुस्ती येते, चेहरा मख्ख होतो, हे खरंय. जुन्या काही औषधांनी तर फारच. मान्य. पण त्यावर डॉक्टर मात्रा कमी करतो, औषध बदलतो. आणि प्रेमाचं म्हणाल, तर वेळेवर गोळी हातावर ठेवणारं माणूस त्याच घरातलं असतं. प्रेम आणि गोळी यांची कुस्ती लावायची गरज काय?

दुसऱ्या आणि सहाव्या सूत्राला माझं उत्तर एकच: मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. कलम ९५ वाचा. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी. रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायलाही बंदी, त्याच कलमात. म्हणजे रंगमंचावर काय दिसेल? झोपलेला पेशंट, शेजारी भूलतज्ज्ञ, बहुधा मिनिटाच्या आत संपणारा झटका, जरा हलणारी पायाची बोटं. किंकाळी नाही. नाट्य हवंच असेल तर ते नंतर आहे: जाग आल्यावर सकाळचं आठवत नाही, कधी मागच्या काही आठवड्यांतलंही पुसलेलं असतं. भूल न देता शॉक द्यायची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षं होती, हे नाकारत नाही. गोष्ट १९७० सालातली असेल तर खुशाल दाखवा. खिशात मोबाईल असलेल्या पात्राला तसा शॉक देऊ नका.

आणि तो ‘पागलखाना’ आहे कुठे? सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. खानदेशात एकही नाही. मनाविरुद्ध भरती करायची तरी कलम ८९ प्रमाणे एका वेळी ३० दिवसांपर्यंत, पुढे याच कायद्याने नेमलेल्या मंडळाची परवानगी. घरच्यांनी परत न नेलेले लोक आहेत, साखळदंडही होते; २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा २८ जण मेले, बहुतेक बांधलेले. पण ते इस्पितळ नव्हतं, दर्ग्याजवळचं खाजगी आश्रयस्थान होतं. आपल्याकडची खरी अडचण उलटी आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपलं फार वेगळं असेल असं मला तरी वाटत नाही.

पहिलं सूत्र निव्वळ चूक. अंगात दोन माणसं हा वेगळाच विकार. स्किझोफ्रेनियात बहुतेकांना आवाज येतात. ‘माले कोनी तरी बलाई ऱ्हायनं’ (मला कुणीतरी बोलावतंय), एवढं एक वाक्य पुरे आहे. कॉलेजच्या वयातला पोरगा अंघोळ सोडतो, मळ्यात जाणं सोडतो, बोलणं सोडतो. हे खुनापेक्षा जास्त वेळा घडतं. उपचार नाहीत आणि वर दारू, अशा वेळी मारहाणीचा धोका काहीसा वाढतो, तेवढं खरं. एरवी हा माणूस मारण्यापेक्षा मार खाण्याचीच शक्यता जास्त.

तिसरं? बायपोलरमधला उन्माद, म्हणजे अति उत्साहाचा काळ, आठवडाभर तरी टिकतो, घडीभर नाही. तीन तास झोपून ताजातवाना, केळीचे पैसे हातात आले की दोन ट्रॅक्टर बुक, रात्री तीनला सगळ्यांना फोन.

पाचवं अर्धं खरं आहे, आणि हे मी नाइलाजाने लिहितोय. सातपुड्याच्या पायथ्याला काय आणि अमळनेरात काय, पहिली फेरी बरेचदा भगताकडेच होते. चिठ्ठी पुढे करणाऱ्या कितीतरी हातांना गंडा बांधलेला असतो. पण ‘हवंच’ कशाला? कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या वेळी बाईच्या अंगात आलं तर तो आजार नव्हे. समाजाने मानलेल्या विधीतलं अंगात येणं डॉक्टरही आजारात मोजत नाहीत. आणि भूत उतरवायला मारझोड, मिरचीची धुरी दाखवणार असाल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, हे लेखकाला तरी ठाऊक असावं.

सातव्याला उत्तर धुळ्यातच आहे. मूळचे तिथले डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक होते. घरातलं आजारपण जवळून पाहिलेल्या या माणसाने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि स्किझोफ्रेनियावरचा २००४ चा ‘देवराई’ हा सिनेमा त्यांच्याच पुढाकाराने झाला. कुणाची कल्पनाशक्ती मेल्याचं ऐकिवात नाही.

भाचीला सांगितलं, सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी संपली की तिथल्या समाजसेवकाला भेट. टेली-मानस या सरकारी हेल्पलाईनच्या १४४१६ वर संहितेसाठी फोन करू नको, ती लाईन त्रासात असलेल्यांसाठी आहे. आणि पेशंटच्या घरच्यांशी बोल, पण गल्लीत ओळखू येईल असं काही लिहू नको. त्याला काय ऐकू येतं हे सगळेच विचारतात. तू विचार, गोळी कोण देतं, फाईल कुठे ठेवता, आणि भावाच्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव घातलं होतं का.