हातगुणाचा केक आणि अंदाजपंचे सोडा

गेल्या काही महिन्यांत एक निरोप पुण्यातल्या घराघरांतल्या फोनवर इतक्या वेळा येऊन गेला आहे की तो आता कोणी वाचतही नाही, थेट पुढे पाठवते. घरी बेकरीच्या तोडीचा केक करायला वजनकाटा, थर्मामीटर यांपैकी काहीच लागत नाही, बेकिंग हा निव्वळ हातगुण आहे, असे त्याचे सूत्र असून त्याखाली काही ‘खात्रीशीर’ सूचना दिलेल्या आहेत. मीही तो हसून सोडून दिला असता, पण आमच्या इमारतीतल्या एका काकू त्याबरहुकूम केलेला, मध्यभागी खळगा पडलेला केक माझ्याकडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “माझ्या हातालाच यश नाही गं.” त्या तीस वर्षे पुरणपोळी करत आल्या आहेत, आणि त्यांची पोळी कधी फुटलेली मी पाहिलेली नाही. त्यामुळे दोष हाताचा नाही एवढे मला ठाऊक होते. तो कुठे आहे, हे त्या निरोपातल्या सूचना एकेक घेऊन पाहू.

पहिली सूचना अशी की, घरातली कोणतीही एक वाटी घ्या आणि सगळे त्याच वाटीने मोजा. यात अर्धे तथ्य आहे. प्रमाण राखायचे तर माप एकच हवे हे बरोबर, आणि दूध, दही, तेल यांच्या बाबतीत ते पुरेही पडते. मैद्याचे मात्र तसे नाही, कारण तो दबतो. मी २४० मिलिलिटरचा एकच कप घेऊन मैदा तीन तऱ्हांनी मोजून पाहिला. चाळून, चमच्याने हलकेच भरून वरून सुरीने सपाट केला तेव्हा तो १२० ग्रॅमच्या आसपास भरला. डब्यात कप खुपसून काढला तेव्हा १४५ ग्रॅम. आणि कप ओट्यावर दोनदा आपटून पुन्हा भरला तेव्हा १५० ग्रॅमच्या पुढे गेला. दोन कपांच्या केकमध्ये हा फरक ६० ग्रॅमपर्यंत जातो, आणि एवढा मैदा जास्त पडला की केक कोरडा होऊन वर तडकतो. मग पुढच्या वेळी आपण दूध वाढवतो, पण त्या दिवशी कप नेमका हलका भरलेला असतो. साध्या डिजिटल वजनकाट्याने ही आंधळी कोशिंबीर थांबते, आणि धुवायची भांडीही कमी होतात, हा माझ्या मते त्याचा खरा फायदा.

दुसरी सूचना सर्वांत घातक आहे: खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर एकच, जे असेल ते घाला, आणि जास्त फुगवायचा असेल तर चमचाभर जास्त घाला. काकूंच्या केकमधला खळगा इथूनच आला होता. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला वायू सोडायला दही, ताक, लिंबू असे काहीतरी आंबट लागते. बेकिंग पावडरमध्ये हाच सोडा, त्याच्या जोडीला कोरडे आम्ल आणि थोडा स्टार्च असतो, म्हणून ती साध्या दुधातही काम करते. सोड्याची ताकद पावडरीच्या तीन-चार पट असल्याने एकाऐवजी दुसरे तेवढेच घालणे म्हणजे मिठाऐवजी तिखट तेवढेच घालण्यासारखे आहे. साधारण १२५ ग्रॅम मैद्याला एक सपाट छोटा चमचा पावडर पुरते. एक कप आंबट दह्याला अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. याहून अधिक घातले तर आतले बुडबुडे मोठे होऊन एकमेकांत मिसळतात, वर येतात आणि केकचा सांगाडा घट्ट होण्यापूर्वीच फुटतात. भट्टीत टम्म फुगलेला केक बाहेर येताच खाली बसतो तो त्यामुळे. शिवाय ज्या सोड्याला आम्ल मिळाले नाही तो तसाच राहून साबणासारखी चव देतो आणि रंग तपकिरी करतो. आता काकूंनी ‘दोन चमचे सोडा’ म्हटल्यावर कुठला चमचा घेतला होता, हे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

जुनी पावडर हाही एक छुपा चोर आहे. ओल्या चमच्याने काढलेली, पावसाळाभर उघडी राहिलेली पावडर निकामी होते. गरम पाण्यात अर्धा चमचा टाकल्यावर ती जोरात फसफसली नाही तर टाकून द्यावी. सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसात घ्यावी.

तिसरी सूचना म्हणते, मिश्रण जितके फेटाल तितका केक हलका होईल, मात्र एकाच दिशेने फेटा. दिशेचा इथे काहीही संबंध नाही. फेटण्याचा आहे, पण त्याची वेळ महत्त्वाची. लोणी आणि साखर एकत्र फेसताना साखरेचे कण लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकवतात, आणि सोडा किंवा पावडर नंतर हेच बुडबुडे मोठे करते. नवे बुडबुडे ती निर्माण करत नाही. म्हणून या टप्प्यावर हात दुखेपर्यंत फेसावे. मैदा पडला की हिशेब उलटा होतो. मैद्यातली प्रथिने ओली होऊन घुसळली गेली की चिवट जाळे बनते. पावाला ते हवेच असते, केकला ते नको असते. अति फेटलेला केक कापला की आत उभी भुयारे दिसतात आणि घास रबरासारखा लागतो. कोरडा मैदा दिसेनासा झाला की उलथने खाली ठेवावे. चार-दोन बारीक गुठळ्या राहिल्या तरी त्या भाजताना जिरतात.

कणकेचा केक करणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर. चक्कीवर दळलेली कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, त्यामुळे मैद्याच्या कृतीत नुसती कणीक घातली तर केक भरभरीत होणारच. दोन-तीन चमचे दूध वाढवून मिश्रण पंधरा मिनिटे झाकून ठेवले तर फरक जाणवतो; पण बेकिंग पावडर त्यानंतर, शेवटी घालावी.

लोणी, तूप, तेल तेवढ्याच मापात अदलाबदल करता येते, हेही त्या निरोपात आहे. विकतच्या लोण्यात स्निग्धांश सुमारे ८० टक्के असतो आणि उरलेल्यात मुख्यतः पाणी. तूप जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. म्हणून १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम तूप आणि तीन-चार छोटे चमचे दूध घ्यावे. पिवळे लोणी खारवलेले असेल तर वेगळे मीठ घालू नये. तेल फेसून हवा धरत नाही. त्याच्या कृती वेगळ्या असतात.

यानंतरची सूचना मात्र परदेशी कृतींतून जशीच्या तशी उचललेली दिसते: सगळे साहित्य खोलीच्या तापमानाला आणा. कुठल्या खोलीच्या? लोणी फेसण्यासाठी १८ ते २० अंशांच्या आसपास असावे लागते. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३८-४० अंशांपर्यंत जातो, आणि त्या वेळी ओट्यावर तासभर ठेवलेले लोणी फेसायचे नव्हे, ओतायचे झालेले असते. उन्हाळ्यात ते फ्रीजमधून काढून दहा मिनिटांत वापरावे. बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट आत बुडू नये. अंडी आणि दही मात्र आधी बाहेर काढावे, कारण ते थंडगार पडले तर फेसलेले मिश्रण फाटते. डिसेंबरात पहाटे हेच लोणी दगडासारखे असते. पावाच्या पिठाचेही असेच: ५०० ग्रॅम मैदा आणि ५ ग्रॅम यीस्ट घेतलेले पीठ माझ्याकडे मेमध्ये पाऊण तासात दुप्पट होते आणि जानेवारीत दोन तास घेते, मग निरोपात ‘बरोबर एक तास’ लिहिलेले असो वा नसो.

पुणे उंचावर असल्याने इथे केक बसतो, म्हणून पावडर निम्मी करा, हा दावा ऐकायला शास्त्रीय वाटतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांना उकळते, हे खरे. परंतु कृतीत बदल करण्याची गरज साधारण ९०० मीटरच्या वर भासू लागते. महाबळेश्वरला केक करणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा. कोथरूडमध्ये केक बसला तर सोड्याचा चमचा तपासावा.

ओव्हनबद्दल निरोप म्हणतो की आकडा १८० वर ठेवला की काम झाले. माझ्या ओटीजीत (ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेल्या घरगुती विजेच्या भट्टीत) मी थर्मामीटर ठेवला तेव्हा आकडा १८० वर असताना आत २०५ अंश निघाले, आणि वर्षभर ज्या कडा जळक्या येत होत्या त्यांचे कारण एका दुपारी सापडले. ओव्हनवरचा सूचक दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असेही नाही. भिंती आणि जाळी तापायला आणखी काही मिनिटे द्यावीत. पहिल्या दोन-तृतीयांश वेळात दार उघडू नये, आतल्या दिव्याच्या उजेडात पाहावे.

शेवटचा दावा असा की बेकरीवाले ‘काहीतरी’ घालतात, म्हणून आपला पदार्थ तसा होत नाही. बऱ्याच बेकऱ्या स्पंजसाठी केक जेल वापरतात, आणि ते फेस टिकवणारे इमल्सिफायर, म्हणजे पाणी आणि स्निग्धांश एकत्र धरून ठेवणारे द्रव्य आहे. त्यात गुपित काही नाही. खरा फरक भट्टीचा. लहानपणी दिवाळीच्या आधी आई मैदा, रवाळ तूप आणि पिठीसाखर घेऊन पेठेतल्या बेकरीत जायची. पावाचा घाणा निघाल्यावर उतरत्या आचेवर नानकटाईचे पत्रे आत सरकायचे. विटांची ती संथ, सगळीकडून येणारी धग ओटीजीच्या दोन रॉडना साधत नाही, हे मी मान्य करते, आणि लादी पाव मी अजूनही विकतच आणते. नानकटाई मात्र घरी होते. मी ओव्हन १६० अंशांवर ठेवते आणि पहिल्या फेरीत चारच नानकटाया भाजते. त्या पसरल्या तर उरलेल्या पिठात दोन चमचे मैदा घालून ते अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवते, आणि भेगा पडून भुगा होऊ लागला तर चमचाभर तूप. मागच्या आठवड्यात काकू शेजारी वही घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या दुसऱ्या फेरीतल्या बाराही नानकटाया गोल आल्या.