पपईचा चीक, टीटी आणि जंतूंचे 'निरुपद्रवी' एन्झाइम

पाऊस लागला की खाजनात (खाडीकाठच्या सखल जमिनीत), शेतात, मानशीकडे (खाडीचं पाणी अडवायच्या दारांकडे) कुर्ल्या म्हणजे खेकडे पकडायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागतो, आणि यंदा चांगली शिकलेली माणसंही तो पुढं ढकलतायत म्हणून लिहितोय. त्यात म्हटलंय की जंतूंचे एन्झाइम फक्त त्यांचं अन्न पचवतात, माणसाला काही करत नाहीत. इम्युनिटी चांगली असली की इन्फेक्शन होतच नाही. रक्त वाहिलं की धनुर्वाताचं विष निघून जातं म्हणून टीटीचं (धनुर्वाताच्या लशीचं) इंजेक्शन नको. आणि जखमेवर पपईचा चीक लावला की झालं.

एन्झाइम अन्न पचवतात, बरोबर. पण प्रोटीन तोडणारं एन्झाइम, म्हणजे प्रोटीएज, समोरचं प्रोटीन डाळीतलं की तुमच्या कातडीतलं हे बघत नाही. स्यूडोमोनास नावाचा जंतू कॉन्टॅक्ट लेन्सखाली शिरला तर त्याचं इलास्टेज बुबुळावरचा पारदर्शक पडदा विरघळवायला मदत करतं. स्टॅफिलोकोकसचं एक प्रोटीएज तर कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी धरून ठेवणारं एकच प्रोटीन शोधून कापतं, आणि तान्ह्या पोराची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. हे पचन नव्हे.

इम्युनिटीचं म्हणाल तर जंतू नेमकी तीच कापतात. नाका-घशाच्या ओलाव्यात आपली आयजीए नावाची अँटिबॉडी पहारा देते, तिला मेंदूज्वराचा मेनिंगोकोकस आणि न्यूमोनियाचा न्यूमोकोकस दोघेही आपापल्या प्रोटीएजनं मधोमध तोडतात. घसा धरणारा स्ट्रेप्टोकोकस पांढऱ्या पेशींना बोलावणारा सिग्नलच कापून टाकतो, म्हणजे शरीर हाक मारतं आणि ती पोचतच नाही. धडधाकट माणूसही आजारी पडतो त्याचं हे एक कारण.

आता टीटी (सरकारी केंद्रात हल्ली टीडी देतात, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची लस), आणि इथं मला खरंच राग येतो, कारण हा सल्ला ऐकून कोणी मरू शकतं. धनुर्वाताचं विष हे स्वतःच एक प्रोटीएज आहे, हे 1992 साली इटलीतल्या पादुआच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. ते मज्जातंतूतून चढत मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातं आणि स्नायूला 'थांब' सांगणाऱ्या पेशीत शिरून सिनॅप्टोब्रेविन नावाचं प्रोटीन एकाच ठिकाणी कापतं. थांब म्हणणारं कोणी उरत नाही, मग जबडा बसतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. गंमत म्हणजे बोटुलिनमचं बी प्रकारचं विष तेच प्रोटीन अगदी त्याच जागी कापतं, पण स्नायू हलवणाऱ्या पेशीत, म्हणून तिथं माणूस उलट लुळा पडतो. विष एकदा पेशीत गेलं की बाहेरून दिलेलं औषध त्याला गाठू शकत नाही, मज्जातंतूला नवी टोकं फुटेपर्यंत आठवडेच्या आठवडे जातात. आणि रक्तानं काही धुऊन जात नाही. मासळीचा काटा किंवा खिळा खोल टोचतो, रक्त थेंबभर येतं, आत हवा नसते, तिथंच हा जंतू वाढतो. विष इतकं थोडं पुरतं की धनुर्वातातून वाचलेल्यालाही इम्युनिटी येत नाही, त्यालाही लस द्यावीच लागते.

पपईच्या चिकात पपेन आहे, तेही प्रोटीएज, आणि ते मेलेलं मांस सोडवतं हे खरं. पण झाडावरून काढलेला चीक निर्जंतुक नसतो, आग करतो, अ‍ॅलर्जी देतो. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) 2008 साली जखमेवर लावायची पपेनची मलमं बाजारातून काढायला लावली ती अशाच गंभीर रिअ‍ॅक्शनमुळं.

राहिली गोष्ट कुर्ल्यांसाठी आपण उतरतो त्या खाऱ्या पाण्याची. व्हिब्रियो व्हल्निफिकस हा जंतू खाडीच्या कोमट, निमखाऱ्या पाण्यात असतो, त्याचं प्रोटीएज रक्तवाहिन्यांच्या अस्तराखालचं कोलाजेन तोडतं, त्यातून रक्त झिरपून काळेनिळे फोड येऊ शकतात. सगळं त्या एकट्या एन्झाइमवर ढकलता येणार नाही, या जंतूकडे दुसरी विषंही आहेत, पण तो वाट बघत नाही, दोनेक दिवसांतही माणूस जातो. लिव्हरचा त्रास किंवा डायबिटीस असेल आणि कुर्लीनं, शिंपल्यानं कापल्यावर पाय सुजून दुखायला लागला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि खाडीच्या पाण्यात लागलंय हे आपणहून सांगा, कारण साध्या जखमेला देतात ती अँटिबायोटिक इथं बहुतेक वेळा पुरत नाही.