डेमॉस्थेनिसच्या एका भाषणाने फिलिप पळाला? साफ खोटं

‘तोतरा डेमॉस्थेनिस तोंडात खडे धरून बोलायला शिकला, त्याने एकच जळजळीत भाषण केलं, अथेन्स पेटून उठलं आणि मॅसिडोनियाचा राजा फिलिप पळून गेला. आकडेमोड करणाऱ्यांनी कधी देश वाचवला नाही.’ प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सच्या या वक्त्याबद्दल कित्येक दिवस फिरणारा हा मजकूर आता भाचीला वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ करायला दिलाय. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

फिलिप पळाला नाही, जिंकला. इ.स.पू. ३३८ मध्ये ग्रीसमधल्या कायरोनियाच्या लढाईत अथेन्स आणि थीब्ज या शहरांच्या फौजा हरल्या. अथेन्सचे हजारावर मेले, दोनेक हजार कैद झाले. भाषणही एक नव्हतं. ३५१ ते ३४१ अशी दहा वर्षं डेमॉस्थेनिस फिलिपबद्दल बजावत होता.

खड्यांची गोष्ट ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, चारेकशे वर्षांनंतर. पण म्हाताऱ्या डेमॉस्थेनिसच्या तोंडून ती ऐकल्याचं सांगणाऱ्या फॅलेरमच्या डिमिट्रियसचा तो हवाला देतो, तेव्हा ती सरसकट खोटी म्हणता येत नाही. बरं, तेवढं मान्य.

आकडेमोडीवरचं ते वाक्य मात्र संतापजनक आहे. ३५१ चं, फिलिपविरुद्धचं पहिलंच भाषण उघडा. दहा-वीस हजार भाडोत्री सैनिकांच्या कागदी फौजा मला सांगू नका, असं तो सभेला सुनावतो. त्याची मागणी नेमकी आहे: पायदळ २०००, त्यात ५०० अथेन्सचे नागरिक, घोडेस्वार २००, त्यात ५० नागरिक, आणि १० वेगवान युद्धनौका. नागरिक कशाला? पगार थकला की भाडोत्री सैनिक शत्रूला सोडून मित्रांनाच लुटत सुटतात, त्यांच्यावर डोळा ठेवायला. मग खर्च. जहाजाला महिना २० मिना, म्हणजे दहा जहाजांचे वर्षाला ४० टॅलंट. पायदळाला शिध्यापुरते माणशी महिना १० द्राक्मा, तेही ४० टॅलंट. घोडेस्वाराला ३०, म्हणजे १२ टॅलंट. एकूण ९२. (अथेन्सच्या चलनात १०० द्राक्मांचा एक मिना, ६० मिनांचा म्हणजे ६००० द्राक्मांचा एक टॅलंट, करून बघा, बेरीज जुळते.) पैसा कुठून आणायचा याचा तक्ताही तिथेच वाचला गेला, फक्त तो आज उपलब्ध नाही.

फौज हिवाळ्यात कुठे ठेवायची हेही सांगितलंय: लेम्नॉस, थासॉस, स्कियाथॉस. कारण उन्हाळी उत्तरवारे सुटले की किंवा हिवाळा आला की अथेन्सची जहाजं उत्तरेकडे सरकत नाहीत, आणि फिलिप नेमका तेव्हाच हल्ला करतो.

यातलं त्या वेळी फारसं झालं नाही. उत्सवांच्या निधीतला पैसा लष्कराकडे वळवा, हेही त्याने ३४९ मध्ये सुचवलं होतं. तो वळवला गेला ३३९-३३८ मध्ये, कायरोनियाच्या तोंडावर.