पुस्तक न देण्याची शपथ

1212 च्या सुमारास पॅरिसमध्ये भरलेल्या धर्मसभेने ख्रिस्ती मठांना तंबी दिली होती, की आमची पुस्तकं बाहेर कुणाला देणार नाही अशी शपथ यापुढे घ्यायची नाही. गरजूला पुस्तक उसनं देणं हे दयेच्या मोठ्या कामांपैकी एक आहे. मठातल्या बंधूंना लागतील ती पुस्तकं मठात ठेवा, बाकीची मठाधिपतींनी विचार करून, मठाचं नुकसान होणार नाही अशा बेताने द्या.

मला हा ठराव फार मोलाचा वाटतो. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची सेवा, या ओळीत त्यांनी पुस्तक नेऊन बसवलं.

शपथ घेण्यापर्यंत मठ का गेले असतील, हेही समजून घ्यायला हवं. तेव्हाचं पुस्तक कातड्यावर लिहिलेलं असे. इंग्लंडमधल्या वेअरमथ-जॅरोच्या मठात 8 व्या शतकाच्या सुरुवातीला एक अखंड बायबल तयार झालं. त्याची हजाराहून जास्त पानं आहेत आणि त्यासाठी सुमारे 500 वासरांची कातडी लागली असावी असा अंदाज आहे. मठाधिपती चेओलफ्रिथ 716 साली ते पोपना अर्पण करायला निघाले आणि वाटेतच वारले. तो ग्रंथ आज फ्लॉरेन्समध्ये आहे. असं एक पुस्तक हरवलं तर अनेक माणसांचे कष्ट आणि एक गोठाच गेला म्हणायचा. म्हणून तर पुस्तक चोरणाऱ्याला शाप लिहून ठेवत, आणि उसनं देताना तारण मागत.

तरीही ते देत होते, आणि याचं मूळ मला त्यांच्या वाचनाच्या रीतीत दिसतं. 6 व्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले. त्यात कुठल्याही भिक्षूला स्वतःच्या मालकीचं काहीही ठेवायला मनाई आहे. पुस्तक नाही, पाटी नाही, लेखणीसुद्धा नाही. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात प्रत्येकाला मठाच्या संग्रहातून एक पुस्तक मिळे आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने वाचायचं. वाचनाच्या वेळी एक-दोन वडीलधारे फेरी मारत आणि कुणी गप्पा मारत किंवा आळसात बसलाय का ते पाहत. दुपारच्या विश्रांतीत वाचायचं असेल तर दुसऱ्याला त्रास होणार नाही असं वाचा, असाही नियम आहे. म्हणजे वाचणं ओठांनी होत असे, पुटपुटत. 10 व्या शतकातल्या, गोर्झ मठातल्या जॉनबद्दल त्याच्या चरित्रकाराने लिहिलंय, की तो मधमाशीसारखा सतत स्तोत्रं गुणगुणत असे. जेवताना सगळे गप्प, आणि एकजण मोठ्याने वाचणार. त्या वाचकाची पाळी आठवडाभराची.

11 व्या शतकात इंग्लंडमधल्या कॅंटरबरीचे आर्चबिशप लॅनफ्रँक यांनी भिक्षूंसाठी लिहिलेली शिस्त तर मी पुन्हा पुन्हा वाचतो. उपवासकाळातल्या पहिल्या सोमवारी सभागृहात गालिचा अंथरून त्यावर पुस्तकं मांडायची. गेल्या वर्षी कुणी कोणतं पुस्तक नेलं त्याची यादी मोठ्याने वाचायची. नाव आलं की पुस्तक परत करायचं, आणि ज्याचं वाचून झालं नसेल त्याने सगळ्यांसमोर साष्टांग पडून क्षमा मागायची. मग नवं पुस्तक. वर्षाला एक! आपल्याला हे थोडं वाटेल, पण त्या एका पुस्तकाबद्दल प्रत्येकजण साऱ्या मठाला उत्तर देणं लागत होता.

फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात मौनाच्या वेळी खुणांनी पुस्तक मागत. हात पुढे करून पान उलटल्यासारखा हलवायचा. ख्रिस्ती नसलेल्या प्राचीन लेखकाचं हवं असेल, तर शिवाय कुत्र्यासारखं बोटाने कान खाजवायचा. त्यांचा तो तुच्छभाव मला खटकतो, तरी ती पुस्तकं मागितली जात होती, दिली जात होती, आणि म्हणूनच टिकली.

मठामठांतली देवघेव पत्रांतून दिसते. 9 व्या शतकात फ्रान्समधल्या फेरिएरचे मठाधिपती लुपस एका आर्चबिशपना कळवतात, की तुम्ही मागितलेला ग्रंथ इतका मोठा आहे की अंगरख्यात वा झोळीत लपवता येणार नाही, आणि त्याचं देखणेपण पाहून वाटेत चोर पडतील. 12 व्या शतकात क्लूनीचे मठाधिपती पीटर फ्रान्समधल्याच शार्त्रझच्या मठाकडे संत ऑगस्टीनच्या पत्रांची प्रत मागतात, कारण त्यांच्या प्रतीचा बराचसा भाग अस्वलाने खाल्ला होता. त्याच शार्त्रझच्या नियमांत, एकांतात राहणाऱ्या प्रत्येक भिक्षूला वाचायला दोन पुस्तकं द्यावीत असं आहे, आणि धूर, धूळ यांपासून ती जपावीत असंही. तोंडाने उपदेश करता येत नाही, म्हणून आम्ही हातांनी करतो, म्हणजे ग्रंथ लिहून काढतो, असं ते म्हणत.

हे सगळं आदर्श होतं असं मी म्हणत नाही. मठांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांच्या हातात यातलं एकही पुस्तक पडलं नसणार. पॅरिसच्या ठरावातही निर्णय मठाधिपतींच्याच हाती राहिला. पण देणं हे दयेचं काम आहे आणि न देण्याची शपथ चालणार नाही, हे तिथे लेखी ठरलं.

आपल्याकडे उलट चालतं. जुन्या मराठी पोथ्या कितीतरी संस्थांत, मठांत, वाड्यांत बांधून ठेवलेल्या आहेत. पाहायला मागितल्या की "कशाला हवंय?" हा पहिला प्रश्न मी अनेक ठिकाणी ऐकलाय. नुकसानीची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण आज फोटो काढून प्रत देता येते, त्यात मूळ पोथी जागची हलतही नाही.

निदान यादी तरी द्या. 14 व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या फ्रान्सिस्कन भिक्षूंनी मठांना आणि कॅथेड्रलांना, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चना, क्रमांक दिले, आणि कोणत्या लेखकाचा कोणता ग्रंथ कुठे सापडेल ते त्या क्रमांकांनी नोंदवून एकत्र सूची केली. छपाई नाही, टपाल नाही, तरी केली. आपल्या एकेका तालुक्यातल्या पोथ्यांची अशी सूची करायला कुणी तयार असेल तर मी सोबत बसून लिहायला येतो. खाली कळवा.