टॅब आणताय? आधी फ्लेक्स छापा

तुमच्या शाळेत टॅब आणायचं तुम्ही ठरवलंय, फार छान केलंत. मी एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून दोन वर्षं काढली आहेत, त्या हक्काने चार गोष्टी सांगतो. शाळा कोणती ते विचारू नका, नागपुरातली आहे एवढं पुरे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत पाऊण हिस्सा पालक असावे लागतात. म्हणजे तर्री-पोहे झाल्यावर सह्या करायला माणसं कमी पडत नाहीत.

सगळ्यात आधी फ्लेक्स छापून घ्या. टॅब मागाहून आले तरी चालतं, फ्लेक्स मागाहून आलेला चालत नाही. आमच्या फ्लेक्सवर नऊ मान्यवर होते आणि कोपऱ्यात टॅब हातात घेतलेला एक विद्यार्थी होता. त्याचे डोळे निळे होते. असला पोरगा आमच्या वर्गात कुठे आहे, असं एका आईने विचारलंच. तिला पुढच्या बैठकीचा निरोप देऊ नका.

उद्घाटनाचा दिवस जपून निवडा. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या शेवटी उघडतात. तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि पहिल्याच सरीला लाइन जाते. मार्च-एप्रिलमध्ये करावं म्हटलं, तर एका नामांकित कंपनीच्या टॅबच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंत वापरा असं लिहिलंय. ३५ अंश म्हणजे नागपुरात एप्रिलमध्ये स्वेटर काढायचे दिवस. वर्गातला पंखा गरम हवा खालीवर करत असतो, आणि टॅब ‘मला थंड होऊ द्या’ असा संदेश देऊन डोळे मिटतो. त्यावर उपाय आहे. वर्गातला कूलर मुलांच्या बाजूचा काढून टॅबच्या कपाटाकडे तोंड करून लावा. पोट्टे घामाने खराब होत नाहीत.

आता चार्जिंग. चाळीस टॅब आणि चार पिनांचा एक बोर्ड, एवढं भांडवल असलं की गणिताचा तास वेगळा घ्यावा लागत नाही. चाळीस टॅब रात्रभरात चार-चारने चार्ज करायचे तर शिपाईमामांनी किती वेळा उठावं? हे उदाहरण चौथीच्या बाईंनी खरंच फळ्यावर घातलं होतं. मुलांनी सोडवलं. मामांनी मात्र रात्री उठून पाहिलं नाही, त्यामुळे सकाळी सोळाच टॅब जिवंत निघाले आणि दोन-अडीच मुलांमागे एक असा हिशेब बसला. अर्ध्या मुलाने टॅब कसा धरायचा, हे मार्गदर्शिकेत नव्हतं.

तास पस्तीस मिनिटांचा धरा. कपाटाची किल्ली शोधण्यात आठ मिनिटं, वाटपात सहा, ‘अपडेट चालू आहे’ या गोल फिरणाऱ्या चक्रात दहा. उरलेल्या वेळात पासवर्ड. शेवटी टॅब मोजायचे, एक कमी भरायचा, सगळ्यांची दप्तरं उपसायची आणि तो कपाटातच चार्जिंगला लावलेला सापडायचा. मुलं या तासाला आनंदाने येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कोणी काही शिकवत नाही.

अ‍ॅप निवडताना चार पर्याय आणि तारे असलेलंच घ्या. आमच्या अ‍ॅपमध्ये उत्तर चुकलं की ‘पुन्हा प्रयत्न करा’ येतं, बरोबर आलं की तारा पडतो. तिसरीतला एक पोरगा भागाकाराच्या धड्यात गावभर तारे मिळवून बसला होता. मी म्हटलं, दाखव बरं कसं करतो. त्याने प्रश्न वाचलाच नाही. वरून खाली टकटक बोट मारत गेला.

“एक चुकते, दोन चुकते, काका, चौथ्याले तं येतेच. काऊन वाचायचं मंग?”

मी निरुत्तर झालो. हेडसरांना सांगितलं तर ते म्हणाले, त्याचा प्रगती आलेख वर्गात सर्वांत वर आहे.

वाचून दाखवायचं अ‍ॅप घेतलंत तर आणखी बहार. मुलगी मोठ्याने वाचते आणि मशीन ऐकून गुण देतं. आमच्याकडे घरात ‘ळ’ला फारसं कोणी विचारत नाही. डोळा म्हणजे डोया, केळं म्हणजे केयं. एक पोरगी खणखणीत आवाजात ‘केयं’ म्हणाली, समोर पिवळं केळं दिसत होतं, आणि मशीनने लाल फुली मारली. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या रोज काय करतात तर आधी ‘शाबास’ म्हणतात, मग जीभ वर कशी लावायची ते तोंड उघडून दाखवतात. पण बाईंच्या जिभेचा डेटा कोणत्याच सर्व्हरवर जात नाही, तेव्हा त्याला पुरावा म्हणता येत नाही.

अपूर्णांकांसाठी तर टॅब हवाच. नाहीतर काय होतं ते सांगतो. टॅब येण्याआधीच्या वर्षी याच बाई स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटातून पिशवीभर संत्री घेऊन आल्या. एकेका बाकावर एकेक. सोलायला लावली आणि फोडी मोजायला सांगितल्या. कुणाच्या दहा, कुणाच्या अकरा, मग भांडण: माझी एक फोड म्हणजे एक दशांश, त्याची एक अकरांश, तर मोठी कोणाची? एका पोट्ट्याने एक फोड खाऊन टाकली आणि उरलेल्याला पूर्ण म्हणायचं का, यावर वर्ग पेटला. बोटं चिकट, वह्यांवर डाग, शेजारच्या वर्गाची तक्रार, सगळा झामलझामल. अ‍ॅपमध्ये असली कटकट नाही. तिथे एक पिझ्झा येतो, आठ सारखे तुकडे होतात, तीन रंगतात, टाळ्या वाजतात. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण फोडी सारख्या ठेवण्याची अक्कल त्याला अजून आलेली नाही.

काही नतद्रष्ट लोक परदेशाचे दाखले देतील. त्यांना बोलू द्या. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये मुलांना आयपॅड वाटायला घेतले, बेत एक अब्जाहून जास्त डॉलरांचा होता. शेकडो पोरांनी पहिल्याच काही दिवसांत कुलपं तोडून फेसबुक गाठलं आणि पुढे ती योजना गुंडाळावी लागली. स्वीडनने २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसे काढले. मागासलेले देश आहेत, आपण काय करणार? आणि ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’चा २०२४चा अहवाल कोणी काढलाच, तर त्यातला एवढाच आकडा मोठ्याने वाचा: ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. इथे थांबा. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी त्यातल्या ५७ टक्के मुलांनी वापरला आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्के मुलांनी, हे पुढचं वाक्य पाणी पिताना राहून गेलं तर चालतं.

बाईंचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. त्यांना माहिती भरायला लावा. कोणी किती मिनिटं टॅब वापरला, कोणी किती तारे मिळवले, सगळं रोज भरायचं. सर्व्हर दिवसा चालत नाही, म्हणून रात्री अकरानंतर भरायचं. सकाळी त्या जांभया देत वर्गात आल्या की मुलांना टॅब देऊन बसवता येतं, आणि योजना यशस्वी होते.

शेवटचं, कपाटाबद्दल. मागच्या आठवड्यात मी काही कागद शोधायला ते उघडलं. तळाशी खडू-फळा योजनेतला पृथ्वीचा गोल होता, त्याला दक्षिण ध्रुव उरला नव्हता. त्यावर कॅसेट प्लेअर, त्यावर कळफलकांची चळत, त्यावर प्रोजेक्टर, त्यावर आपले टॅब. चाळीसपैकी बारा सुरू होतात असं ऐकलं, मोजले नाहीत. वरचा खण मात्र अगदी स्वच्छ, कागद अंथरलेला. मामांना विचारलं, इथलं सामान कुठे गेलं?

“काही नाही जी, खाली करून ठेवला. येआय येऊन राहिलं म्हणते, त्याले लागन ना जागा.”